शेवटच्या व्यंजनाची जागा

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी मागे टाकते आणि मग ओळीने तीन स्थानके येतात: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. ही नावे एकदा मोठ्याने म्हणा आणि त्यांच्या शेवटाकडे कान द्या. आपण ‘गर्’, ‘नाथ्’, ‘पूर्’ असेच म्हणतो. जीभ व्यंजनावर थांबते, पुढचा ‘अ’ उच्चारला जात नाही. फलाटावरच्या पाटीवर मात्र र, थ, र ही पूर्ण अक्षरे असतात. त्यांचा पाय मोडलेला नसतो.

अंबरनाथ हे नाव तर फारच बोलके आहे. अम्, बर्, नाथ् असे त्याचे तीन तुकडे पडतात आणि तिन्ही व्यंजनावर संपतात. पहिल्या तुकड्याचे शेवटचे व्यंजन आपण अनुस्वाराने दाखवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचे दाखवतच नाही, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचे असते. मराठी माणसाला ते शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र शिकवावे लागते.

उच्चाराच्या तुकड्याच्या शेवटी येणारे व्यंजन कसे लिहायचे, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक उच्चारानुसारी लिपीला सोडवावा लागला. लिपी कागदावरून पडद्यावर आली तेव्हा तो पुन्हा नव्याने सोडवावा लागला. याचे सर्वांत रेखीव उत्तर कोरियन लिपीने दिले. त्या उत्तराशेजारी देवनागरीचे उत्तर ठेवले, की आपल्या लिपीची ताकद कळते आणि रोजच्या टायपिंगमध्ये होणाऱ्या चुकांचे मूळही सापडते.

खालची जागा

कोरियन लिपीचे नाव हंगुल. राजा सेजोंगच्या काळात १४४३मध्ये ती तयार झाली आणि १४४६मध्ये लोकांसाठी जाहीर झाली. हंगुलमध्ये व्यंजने आणि स्वर यांची वेगवेगळी चिन्हे आहेत. ती एका ओळीत न मांडता चौकोनी गटात बसवतात. एका उच्चारतुकड्याचा एक चौकोन. सुरुवातीचे व्यंजन वर किंवा डावीकडे, स्वर त्याच्या उजवीकडे किंवा खाली, आणि शेवटचे व्यंजन असेल तर ते सगळ्यांच्या तळाशी. या तळच्या व्यंजनाला कोरियन लोक ‘बात्चिम’ म्हणतात.

म्हणजे हंगुलमध्ये शेवटच्या व्यंजनाला हक्काची जागा आहे. जागा रिकामी असेल तर तुकडा स्वरावर संपतो, भरलेली असेल तर व्यंजनावर. वाचणाऱ्याने अंदाज करायचा प्रश्नच येत नाही. सेजोंगच्या योजनेतला एक निर्णय फार दूरदृष्टीचा होता. शेवटच्या व्यंजनांसाठी त्याने नव्या खुणा काढल्या नाहीत, सुरुवातीला येणारी चिन्हेच तळाशी पुन्हा वापरायची असे ठरवले. त्यामुळे शिकणाऱ्याचे ओझे निम्मे झाले. ‘न’ कुठेही आला तरी ‘न’च दिसतो, त्याचे काम जागेवरून कळते. एका चिन्हाचे मात्र दोन अर्थ आहेत: एक लहानसे वर्तुळ सुरुवातीला आले तर त्याला आवाज नसतो, तळाशी आले तर ते आपल्या ‘ङ्’सारखे उच्चारतात.

आजच्या हंगुलमध्ये तळाच्या जागी २७ प्रकारची व्यंजने किंवा व्यंजनजोड्या लिहिता येतात. पण तिथे उच्चारले जाणारे आवाज फक्त सातच आहेत, कारण तळाशी आलेले त, थ, स, च, छ हे सगळे बोलताना एकाच अडवलेल्या ‘त्’सारखे होतात. तरी लिहिताना मूळ व्यंजनच ठेवतात. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला, की लपलेला मूळ आवाज पुन्हा ऐकू येतो. शब्दाचे मूळ रूप डोळ्यांसमोर राहावे म्हणून उच्चारापेक्षा थोडे वेगळे लिहिणे कोरियनांनी स्वीकारले आहे.

२,३५० की ११,१७२?

हंगुल संगणकात आली तेव्हा प्रश्न पडला, की क्रमांक कशाला द्यायचा? सुट्या चिन्हांना की पूर्ण चौकोनांना? सुरुवातीची व्यंजने १९, स्वर २१, आणि शेवटची व्यंजने २७. तळाची जागा रिकामी, हा एक पर्याय धरला की २८. यांचा गुणाकार ११,१७२. एवढे चौकोन आजच्या हंगुलमध्ये लिहिता येतात.

१९८७मध्ये दक्षिण कोरियाने जे मानक स्वीकारले त्यात फक्त २,३५० चौकोनांना क्रमांक मिळाले. नेहमी लागणारे चौकोन निवडले, बाकीचे वगळले. बहुतेक कामे निभावली, पण भाषा कोणत्याही यादीत पूर्ण मावत नाही. १९९०च्या सुमारास एका दूरचित्रवाणी मालिकेच्या नावातला पहिलाच चौकोन, ‘त्तोम्’, या यादीत नव्हता. त्त, ओ आणि म ही तिन्ही नेहमीची चिन्हे, पण तळाशी ‘म’ असलेला तो जोड मानकात नसल्यामुळे साधे नावही नीट टाइप होईना. लिपीला जे सहज जमत होते ते संगणकाच्या यादीने अडवले.

पुढे युनिकोड आले. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना एकच सामाईक क्रमांकमाला देणारे हे मानक. १९९६मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत हंगुलचे सर्व ११,१७२ चौकोन सलग मांडले गेले. दशमान पद्धतीत मोजले तर पहिला चौकोन ४४,०३२ क्रमांकावर आहे आणि शेवटचा ५५,२०३वर. रचना इतकी नेमकी, की कोणत्याही चौकोनाचा क्रमांक गणिताने काढता येतो. सुरुवातीच्या व्यंजनाच्या क्रमाला २१ने गुणायचे, त्यात स्वराचा क्रम मिळवायचा, बेरजेला २८ने गुणायचे, त्यात शेवटच्या व्यंजनाचा क्रम मिळवायचा आणि शेवटी ४४,०३२.

अंबरनाथमधला ‘नाथ्’ घेऊन करून पाहू. सुरुवातीचा ‘न’ दोन क्रमांकावर (मोजणी शून्यापासून), स्वर ‘आ’ शून्यावर आणि तळाचा ‘थ’ पंचविसाव्या स्थानी. २ गुणिले २१ म्हणजे ४२, ४२ गुणिले २८ म्हणजे १,१७६, त्यात २५ मिळवले की १,२०१. ४४,०३२ अधिक १,२०१ म्हणजे ४५,२३३. युनिकोडमध्ये या क्रमांकावर बरोबर तोच चौकोन आहे. परदेशी नावे लिहिण्याच्या कोरियन नियमांत तळाशी ‘थ’ चालत नाही, तेव्हा सोलच्या वर्तमानपत्रात हे नाव वेगळे छापले जाईल. लिपीला मात्र ते अवघड नाही.

युनिकोडने सुट्या चिन्हांनाही क्रमांक दिले, आणि सुरुवातीचा ‘क’ वेगळा, तळाचा ‘क’ वेगळा ठेवला. पहिल्याचा क्रमांक ४,३५२, दुसऱ्याचा ४,५२०. सेजोंगने ज्याला एकच चिन्ह ठेवले होते, त्याला यंत्राच्या सोयीसाठी दोन ओळखी मिळाल्या. मग एकच शब्द दोन प्रकारे साठवता येऊ लागला: पूर्ण चौकोनांनी किंवा सुट्या तुकड्यांनी. मॅक संगणकावर तयार झालेल्या फायलीचे कोरियन नाव विंडोजवर गेल्यावर सुट्या चिन्हांत विखुरलेले दिसते, त्याचे कारण हेच. यावरचा उपायही युनिकोडमध्येच आहे. ही दोन्ही रूपे एकच मानावीत असा पक्का नियम आहे, त्यामुळे नीट लिहिलेली प्रणाली आधी दोन्ही एका रूपात आणते आणि मगच शोध घेते.

बोटांपुढचा प्रश्न

साठवण्याचा प्रश्न सुटला तरी टाइप करण्याचा उरतो. कोरियात सर्वाधिक वापरात असलेल्या कळफलकावर व्यंजनांचा एक संच आणि स्वरांचा एक, असे दोनच संच आहेत. टाइप केलेले व्यंजन तळाशी बसायचे आहे की पुढच्या चौकोनाच्या सुरुवातीला, हे यंत्राला त्या क्षणी कळत नाही. म्हणून ते आधी तळाशी बसवते. पुढे स्वर आला तर तेच व्यंजन तिथून उचलून पुढच्या चौकोनात नेते. टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अक्षर क्षणभर चमकते आणि जागा बदलते. कोरियन लोक याला ‘दोक्केबीबुल’ म्हणतात. आपल्या गावाकडचा आग्यावेताळ तो हाच.

या उड्या टाळण्याचा मार्ग कोंग ब्योंग-ऊ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शोधला. त्यांनी १९४९मध्ये तीन संचांचा टंकलेखक तयार केला. त्यात सुरुवातीची व्यंजने उजव्या हाताशी, शेवटची डाव्या हाताशी आणि स्वर मध्ये असतात. कळा वाढल्या, शिकायला वेळ लागू लागला, पण प्रत्येक व्यंजन पहिल्याच फटक्यात आपल्या जागी बसू लागले. त्यांच्या पद्धतीवर आधारलेले कळफलक आजही आवडीने वापरले जातात.

मोडलेला पाय

देवनागरीने दुसरा मार्ग घेतला. आपल्या अक्षरात ‘अ’ आधीच मिसळलेला असतो. तो काढायचा असेल तर पाय मोडायचा. संस्कृतला याची गरज होती. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरातला शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख संस्कृतात आहे. त्या भाषेत ‘नाथ’मधल्या ‘थ’चा ‘अ’ खरोखर उच्चारतात आणि ‘जगत्’मधल्या ‘त्’ला ‘अ’ नसतो, म्हणून दोन्हींत फरक दाखवावाच लागतो. मराठीत शेवटचा ‘अ’ बोलण्यातून गेला, पण लेखनात राहिला. संस्कृतातून आलेले व्यंजनान्त शब्दही आपण आता ‘जगत’, ‘विद्वान’, ‘कदाचित’ असे पूर्ण अक्षराने लिहितो. प्रचलित लेखननियमांनी हीच रीत मान्य केली आहे.

यात लिपीचा दोष नाही. विभक्तीचा प्रत्यय लागला की ‘नाथ’चे ‘नाथा’ होते, ‘पूर’चे ‘पुरा’ होते. अक्षरगणवृत्तात शेवटचा ‘अ’ मोजला जातो आणि अभंग गाताना तो पुन्हा ऐकूही येतो. लिहिलेला ‘अ’ ही भाषेने मागे ठेवलेली शक्यता आहे. पण मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला ती शक्यता तपासावी लागते. ‘बदलापूर’मध्ये मधल्या ‘द’चा आणि शेवटच्या ‘र’चा ‘अ’ गाळायचा, पण ‘ब’चा ठेवायचा. ‘पत्र’, ‘राष्ट्र’ यांच्या शेवटी जोडाक्षर असल्यामुळे तिथे ‘अ’ गाळायचा नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी मराठी वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला हे फरक पाळावेच लागतात.

साठवणुकीतही देवनागरीचा मार्ग वेगळा आहे. आपल्याकडे पूर्ण जोडाक्षरांची यादी केलेली नाही. भारतीय लिप्यांसाठी झालेल्या मानकात, आणि त्यावरून १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्ये, फक्त मूळ अक्षरे, स्वरचिन्हे आणि पाय मोडण्याचे एक चिन्ह यांना क्रमांक मिळाले. त्या चिन्हाचा क्रमांक २,३८१. अक्षरे कशी जोडून दाखवायची, हे फॉन्टने ठरवायचे. विंडोज २०००बरोबर आलेल्या ‘मंगल’ फॉन्टचे कर्ते, सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्यासारख्यांनी हे काम पडद्यासाठी करून दाखवले. याचा मोठा फायदा असा, की ‘त्तोम्’सारखी अडचण देवनागरीत येत नाही. उद्या कुणी पूर्वी कधी न लिहिलेले जोडाक्षर लिहिले तरी ते साठवता येते.

‘उल्हासनगर’ हे नाव यंत्र असे साठवते: उ, ल, पाय मोडण्याचे चिन्ह, ह, काना, स, न, ग, र. एकूण नऊ क्रमांक. ‘ल्हा’नंतर कर्सर ठेवून मागे खोडत जा. आधी काना जातो, मग ‘ह’, आणि पाय मोडलेला ‘ल्’ उरतो. डोळ्यांना एक अक्षर दिसत होते, यंत्राकडे चार खुणा होत्या. मजकूर म्हणजे पडद्यावरचे चित्र नव्हे, ही क्रमांकांची रांग हाच खरा मजकूर, हे या एका प्रयोगातून कळते.

न दिसणारी दोन चिन्हे

पाय मोडला की देवनागरी पुढच्या अक्षराला लगेच जोडू पाहते. काही वेळा हे नको असते. ‘वाङ्‌मय’मध्ये ‘ङ्’ सुटा दिसावा, ‘षट्‌कोन’मध्ये ‘ट्’ वेगळा कळावा असे वाटते. त्यासाठी युनिकोडमध्ये एक अदृश्य चिन्ह आहे, क्रमांक ८,२०४. पाय मोडल्यावर ते टाकले की जोड होत नाही. त्याच्या शेजारचे ८,२०५ हे उलट काम करते: पूर्ण जोडाक्षर न करता अर्धे अक्षर दाखवते.

बालभारतीच्या पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असे पाय मोडून छापलेले आपण पाहतो. नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाला ‘द’ आणि ‘य’ वेगळे ओळखता यावेत हा त्यामागचा विचार आहे आणि तो स्तुत्य आहे. पण हाच मजकूर संगणकावर शोधताना अदृश्य चिन्हाचा हिशेब ठेवावा लागतो. काटेकोर जुळणी करणाऱ्या शोधात ‘विद्यार्थी’ टाकले तर ‘विद्‌यार्थी’ सापडत नाही.

मराठीसाठी सर्वांत नाजूक जागा ‘ऱ्’ची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, गोऱ्हे: हे शब्द मराठीच्या रक्तातले आहेत. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून केवळ हिंदीचा विचार करून केलेल्या साधनांत तो राहून जातो.

युनिकोडने यासाठी दोन मार्ग मान्य केले आहेत. पहिला: खाली टिंब असलेला ‘ऱ’ (क्रमांक २,३५३), मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ‘य’. दुसरा: साधा ‘र’ (क्रमांक २,३५२), पाय मोडण्याचे चिन्ह, अदृश्य ८,२०५, मग ‘य’. पहिल्याने ‘दऱ्या’ होते, दुसऱ्याने ‘दर्‍या’. छापून शेजारी ठेवले तर भिंगातूनही फरक दिसणार नाही. पण यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. कोरियन चौकोनांच्या दोन रूपांना एक मानणारा जो पक्का नियम आहे, तसा नियम या दोन ‘ऱ्’ना लागू नाही. मतदारयादी, शाळेचा पट, ग्रंथालयाची सूची, जमिनीची नोंद यांपैकी एकीत आडनाव पहिल्या प्रकारे आणि दुसरीत दुसऱ्या प्रकारे नोंदले गेले, तर साधी जुळणी त्या माणसाला दोन माणसे समजते.

शेजारच्या घरात

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि १९४९मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथल्या सिंधी भाषेने हाच प्रश्न तिसऱ्या प्रकारे सोडवला आहे. अस्सल सिंधी शब्द स्वरावर संपतो. आपले ‘घर’ तिथे ‘घरु’, ‘हात’ तिथे ‘हथु’. शेवटचा ऱ्हस्व स्वर बोलण्यात हलका असला तरी देवनागरी सिंधीत तो लिहिला जातो. एकाच गल्लीत, एकाच लिपीत, मराठी पाटीवर न बोललेला ‘अ’ आणि सिंधी पाटीवर हळूच बोललेला ‘उ’, असे हे शेजार आहे.

सिंधीत हवा आत ओढून उच्चारायचे चार खास आवाज आहेत. त्यांची खाली रेघ असलेली अक्षरे, ॻ, ॼ, ॾ, ॿ, युनिकोडमध्ये २००६मध्ये आली. तोवर साध्या ग, ज, ड, ब खाली वेगळी आडवी खूण टाकून काम चालवावे लागे. १९६७मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेल्या भाषेला आपली चार अक्षरे मिळायला एवढा काळ लागला.

आपल्या हातात काय आहे

कोरियनांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. लिपी कितीही सुंदर असो, ती साठवण्याची पद्धत एकसारखी नसेल तर मजकूर विखुरतो. कोरियात ती एकवाक्यता आणण्यासाठी भाषेवर प्रेम करणारे लोक यादीतल्या उणिवांवर बोट ठेवत राहिले आणि मानक बदलेपर्यंत थांबले नाहीत. मराठीलाही तेवढ्याच आग्रहाची गरज आहे.

त्याची सुरुवात आपल्या बोटांपासून करता येते. ‘ऱ्’साठी टिंबवाला ‘ऱ’ वापरावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट दाबून ‘जे’च्या कळीवर मिळतो आणि पाय मोडण्याचे चिन्ह ‘डी’च्या कळीवर. अदृश्य चिन्हे जोड खरोखर तोडायचा असेल तिथेच टाकावीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत केलेला मजकूर जपून ठेवण्याजोगा असेल तर वेळ असतानाच युनिकोडमध्ये आणावा, कारण तो फॉन्ट नसेल तिथे तो मजकूर निरर्थक खुणांचा ढीग होतो. आणि जे लोक मराठीसाठी सॉफ्टवेअर करतात, नोंदी ठेवतात, सूची बनवतात, त्यांनी शोध घेण्यापूर्वी ‘ऱ्’ची दोन्ही रूपे एक करून घ्यावीत आणि अदृश्य चिन्हे बाजूला ठेवावीत. प्रोग्राममध्ये यासाठी चार-दोन ओळी पुरतात. त्या नसल्या तर वऱ्हाडातला किंवा कऱ्हाडचा माणूस स्वतःच्याच नोंदीत सापडत नाही, आणि आपली भाषा बोलणाऱ्या माणसाला त्याच्या नावाने ओळखणे हे लिपीचे पहिले काम आहे.